मधली वायर

रणजित शिंत्रे आणि सुमेधा यांची ओळख एका लॅपटॉपमुळे झाली. सांगलीतल्या एका सभागृहात वनस्पतिशास्त्राची परिषद होती आणि सुमेधाचा लॅपटॉप काही केल्या पडद्यावर दिसायला तयार नव्हता. ती नुकतीच कॉलेजात लागली होती. समोर तिचे स्वतःचे प्राध्यापक बसले होते. तिनं लॅपटॉप बंद करून चालू केला, सगळी बटणं दाबून पाहिली. तेवढ्यात काळा टी-शर्ट घातलेला एक तरुण स्टेजवर आला. लॅपटॉपला हातही न लावता त्यानं मागची वायर उपसली आणि खांद्यावरच्या गुंडाळीतली दुसरी लावली. पडद्यावर शेवाळाचं चित्र उमटलं.

"लॅपटॉप बरा आहे मॅडम," तो म्हणाला. "प्रोजेक्टरपण बरा आहे. मधली वायर गेली होती."

त्यांचं लग्न झालं, आणि पुढची सगळी वर्षं तो तेच काम करत राहिला. लग्नाचे हॉल, शिबिरं, कंपन्यांच्या बैठका. कुणाचा लॅपटॉप पडद्याला जोडायचा, कुणाचा स्पीकरला, कुणाचा चार कॅमेऱ्यांना. लॅपटॉपला कुठल्या आकाराचं भोक आहे हे तो लांबूनच ओळखायचा. मग सगळं बिनतारी झालं, लॅपटॉपना भोकंच राहिली नाहीत, आणि वायरींचे खोके माळ्यावर गेले. त्याची त्यानं तक्रार केली नाही. मुळात तो बोलायचाच कमी. घरात प्रेमाचं असं काही तो म्हणाल्याचं सुमेधाला आठवत नव्हतं. ती रागावली की तो तिची स्कूटर धुऊन ठेवायचा. मुलीशी, ओवीशी, तर तो अधिकच तुटक वागे. ओवीनं लग्नानंतर दीड वर्षात नवऱ्याचं घर सोडलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला होता की जरा धीर धरायला हवा होता. ओवी त्यानंतर बराच काळ घरी आली नाही.

आजार बोटांपासून सुरू झाला. प्लग भोकात बसेना. मग पाय, मग जीभ. डॉ. देवस्थळी या मेंदूच्या डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की मेंदूकडून स्नायूंकडे हुकूम नेणाऱ्या पेशी या आजारात एकेक करून मरतात. मेंदू शाबूत राहतो, समज शाबूत राहते, स्नायूही मुळात चांगले असतात. हुकूम निघतो, पण पोहोचत नाही. तेव्हा रणजितला थोडं बोलता येत होतं. तो जड जिभेनं म्हणाला, "म्हणजे मधली वायर." डॉक्टरांना ते कळलं नाही. सुमेधाला कळलं आणि ती तोंड फिरवून भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिली.

२०४१ साली पुण्यातल्या एका संशोधन संस्थेनं अशा रुग्णांना आवाज परत देण्याचा प्रयोग सुरू केला होता. आपण बोलतो तेव्हा मेंदूचा एक छोटा भाग जीभ, ओठ आणि कंठाला हुकूम सोडतो. हुकूम स्नायूंपर्यंत पोहोचला नाही तरी माणूस बोलायचा प्रयत्न करतो तेव्हा तो भाग तसाच चेतवला जातो. तिथं केसाहून बारीक सुया असलेली चकती बसवायची, तिथली वीज टिपायची आणि लॅपटॉपला शिकवायचं की या नक्षीचा अर्थ 'प' आणि या नक्षीचा अर्थ 'ल'. बिनतारी चकतीला अजून परवानगी मिळाली नव्हती. पहिल्या तुकडीतल्या रुग्णांच्या डाव्या कानाच्या वर एक बटणाएवढं सॉकेट बसवत. त्यातून वायर निघायची, ती पलंगाला अडकवलेल्या एका डबीत जायची, आणि डबीतून लॅपटॉपमध्ये.

पण मेंदूतली वीज फार क्षीण. तिच्यावरून पन्नास टक्के शब्दही धड लागत नाहीत. म्हणून लॅपटॉपमध्ये दुसराही भाग होता. मोबाइलवर आपण 'कसा' लिहिलं की तो पुढं 'आहेस' सुचवतो, तसाच; पण कितीतरी पटींनी हुशार. खोलीतलं बोलणं तो ऐकायचा, त्या माणसाची जुनी पत्रं, संदेश, रेकॉर्डिंग त्याला दिलेली असायची, आणि त्यावरून हा माणूस आता काय म्हणत असेल याचा तो अंदाज बांधायचा. वीज आणि अंदाज मिळून वाक्य तयार होई. कुठल्यावर किती भरवसा ठेवायचा हे इंजिनिअर ठरवत.

हे सगळं बसवायला फरहान मुजावर नावाचा तरुण इंजिनिअर आला होता. तो मूळचा मिरजेचा. रणजितचा आवाज मिळवायला अडचण आली नाही. सभागृहांच्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये कार्यक्रम सुरू होण्याआधी माइक तपासणारा त्याचाच आवाज होता. वायर जोडली, स्पीकर चालू केला, आणि कितीतरी महिन्यांनी रणजित बोलला. तो म्हणाला, "स्पीकरचा आवाज थोडा कमी करा." सुमेधा हसली आणि मग बराच वेळ रडत राहिली.

पुढचं वर्ष चांगलं गेलं. तो पूर्वीइतकंच बोले, म्हणजे कमीच. उशी, पंखा, बातम्या लाव. सुमेधानं कॉलेजातून लवकर निवृत्ती घेतली. पण आजार थांबला नव्हता. मेंदूतली वीजही मंद होत चालली. फरहान दर काही आठवड्यांनी पुण्याहूनच लॅपटॉपमध्ये शिरायचा आणि विजेचा वाटा कमी करून अंदाजाचा वाटा वाढवायचा. तेवढ्यानं वाक्यं पुन्हा सरळ यायला लागत.

दिवाळीच्या सुमारास रणजित बदलला. निदान सुमेधाला तसं वाटलं. एका सकाळी ती त्याचं अंग पुसत होती आणि तो म्हणाला, "किती करतेस तू माझं." तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. आजवर हे वाक्य तिनं फक्त इतर बायकांच्या नवऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. नंतर असं रोजच व्हायला लागलं. तो तिच्या लहानपणाबद्दल विचारी. तिनं कुंडीत लावलेल्या नेच्याबद्दल विचारी. तिला त्या परिषदेतल्या गोष्टी आठवून सांगी. माणूस मरणाजवळ गेला की मोकळा होतो असं तिनं ऐकलं होतं. हे तेच असणार असं तिनं धरलं. हैदराबादेत असलेल्या ओवीशी तो फोनवर बोलला. ओवीच्या लग्नाचा विषय त्यानंच काढला, आणि म्हणाला, "त्यात तुझी चूक नव्हती. मी तुझ्या बाजूनं उभं राहायला हवं होतं." ओवी त्याच आठवड्यात घरी आली. ती येत राहिली.

एकच गोष्ट सुमेधाला खटकायची. तो बोलायला लागला की त्याचे डोळे घट्ट मिटायचे. इतके घट्ट की पापण्यांवर सुरकुत्या पडत. शरीरात हलणारं तेवढंच उरलं होतं. तिनं डॉक्टरांना सांगितलं. पापण्यांची हालचाल मंदावली की डोळे कोरडे पडतात, असं त्या म्हणाल्या आणि थेंब लिहून दिले. सुमेधा ते न चुकता घालायची. त्याला ती विचारायची की डोळे चुरचुरतात का, आणि तो म्हणायचा, "थोडेसे. तू थेंब घातलेस की बरं वाटतं."

थंडीत त्याचा श्वास कमी पडायला लागला. आता गळ्याला छिद्र पाडून नळी बसवायची आणि व्हेंटिलेटर लावायचा, नाहीतर थोड्याच दिवसांचा प्रश्न होता. डॉ. देवस्थळी घरी आल्या. हा निर्णय रुग्णानं स्वतःच घ्यायचा असतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. पूर्वी हा विषय निघाला की रणजित म्हणायचा, वेळ आली की सांगेन. ती वेळ आली होती. सुमेधानं त्याचा हात धरला.

"रणजित, तुला राहायचंय ना आमच्यात?"

"हो," स्पीकरमधून त्याचा आवाज आला. "तू आहेस, ओवी आहे. मला राहायचंय."

त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते. तिनं कापसानं त्यांच्या कडा टिपल्या. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. त्यानंतर पापण्याही अर्ध्यावर उतरल्या आणि तशाच राहिल्या.

फेब्रुवारीत एका दुपारी ओवी आणि कामाला येणाऱ्या बाई मिळून पलंगावरची चादर बदलत होत्या. रणजितला कुशीवर वळवताना वायरीला हिसका बसला आणि प्लग सॉकेटमधून निघून ओवीच्या हातात आला. ती तो परत बसवायला वाकली, तेवढ्यात स्पीकर बोलला.

"ओवी, जेवलीस का गं?"

ओवी वाकलेली तशीच थांबली. प्लग तिच्या हातात होता. बाबांच्या कानावरचं सॉकेट उघडं होतं. तिनं हळूच हाक मारली, "बाबा?"

"बोल ना बाळ," आवाज म्हणाला.

तिनं आईला हाक मारली. सुमेधा कुकरचं झाकण लावता लावता आली, तिनं मुलीच्या हातातला प्लग पाहिला, आणि आवाजानं तिलाही विचारलं की आज काय भाजी केलीस. तिला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं. तिनं लॅपटॉप मिटला. खोलीत फक्त व्हेंटिलेटरचा आवाज राहिला. ती पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि तिनं नवऱ्याच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं, कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच. कारण बोलणं स्पीकरमधून येई आणि थेंब घालण्यापुरती वेळ सोडली तर ती स्पीकरकडेच बघायची. अर्ध्या उतरलेल्या पापण्यांखालून पाणी ओघळत होतं. हे डोळे कोरडे नव्हते. कधीच नव्हते.

फरहान दुसऱ्या दिवशी आला. त्यानं वायर तपासली. रोज कुशीवर वळवून वळवून मानेपाशी ती आतून तुटली होती. वरचं आवरण धड होतं, म्हणून कुणाला दिसलं नाही. लॅपटॉप फक्त डबी जोडलेली आहे एवढंच बघत होता, आणि डबी जोडलेलीच होती. तुटक्या वायरीतून नुसती खरखर येत होती. अंदाजाचा वाटा आधीच इतका वाढवलेला होता की लॅपटॉपनं त्या खरखरीलाच मंद झालेली वीज मानलं आणि उरलेलं सगळं अंदाजानं भरलं. लॅपटॉपमधल्या नोंदींवरून त्यानं काढलं की दिवाळीपासून खऱ्या रणजितचा एकही शब्द बाहेर आला नव्हता.

"मग बोलत होतं ते कोण?" सुमेधानं विचारलं.

फरहान खाली बघून म्हणाला की कुणीच नाही. तुम्ही जे बोलता, ज्या सुरात बोलता, त्याला शोभेल असं पुढचं वाक्य तो अंदाजाचा भाग तयार करतो. तुम्ही प्रेमानं विचारलंत तर तो प्रेमानं सांगतो.

"मी विचारलं, राहायचंय ना. म्हणून तो हो म्हणाला."

फरहाननं हातातली तुटकी वायर टेबलावर ठेवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. आपण दर वेळी पुण्यात बसून ती वाक्यं सरळ केली, प्रत्यक्ष येऊन वायर एकदाही बघितली नाही, असं तो म्हणाला.

आता तशी वायर बनत नव्हती. पहिल्या तुकडीनंतर संस्थेनं बिनतारी चकत्या सुरू केल्या होत्या. रणजितची प्रकृती नवी शस्त्रक्रिया सोसणारी नव्हती. फरहाननं जोड देऊन पाहिला, पण इतक्या बारीक तारा धरेनात. शेवटी अकोल्यातलं एक कुटुंब सापडलं. त्यांचे वडील याच तुकडीतले, मागच्या वर्षी वारले होते. त्यांची वायर मुलीनं जपून ठेवली होती. कारण ऐकल्यावर तिनं ती पाठवून दिली.

ती येईपर्यंत सुमेधानं लॅपटॉप उघडला नाही. ती रणजितजवळ बसून राही. त्याला काही विचारावं तर उत्तर कशानं देणार? पापणी हलली तर ती हो म्हणून हलली की नुसतीच, हे सांगता येत नव्हतं. म्हणून ती विचारत नसे. आणि या सगळ्या महिन्यांत त्यानं काय काय ऐकलं असेल याचा हिशोब तिच्या डोक्यात आपोआप सुरू होई. स्वतःच्याच आवाजात कुणीतरी बायकोशी गोड बोलतंय, मुलीची माफी मागतंय, आपल्या गळ्याला छिद्र पाडायला होकार देतंय, आणि बायको ते ऐकून हसतेय, लाजतेय. त्यानं फक्त डोळे मिटून घेतले होते. आणि तिनं त्यात थेंब घातले होते.

वायर आली. फरहाननं ती जोडली आणि अंदाजाचा भाग पूर्ण बंद केला. आता जे येईल ते त्यांचंच असेल, तो म्हणाला. पण कमी येईल, अडखळत येईल, कदाचित येणारही नाही. तो आणि ओवी बाहेर गेले. सुमेधा वाट बघत राहिली. बऱ्याच वेळानं स्पीकरमधून तुकडे यायला लागले. काही नुसतेच आवाज होते. मग शब्द झाले.

"सुमे... तो... मी... नव्हतो."

"कळलं रे. कळलं मला."

"मी... नाही... म्हणत होतो."

तिनं कपाळ त्याच्या हातावर टेकलं. तो हात काही जाणवल्याचं दाखवू शकत नव्हता. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, की मला कळायला हवं होतं. तू असं बोलणाऱ्यातला नाहीस हे मला कळायला हवं होतं. त्यानं तिला बोलू दिलं. मग स्पीकर पुन्हा खरखरला.

"तू... खूश... होतीस."

तो तिला टोचत नव्हता, हे तिला कळलं. त्यानं जे पाहिलं ते तो सांगत होता, आणि टोचलं असतं तर तिला सोपं गेलं असतं.

नंतरच्या दिवसांत त्यानं हळूहळू, दमत दमत सांगितलं की त्याला आता थांबायचं आहे. ओवीनं ते मान्य केलं नाही. एकदा यंत्रावर विश्वास ठेवला आणि बाबांच्या गळ्याला भोक पाडलं, आता पुन्हा यंत्रावर विश्वास ठेवून त्यांना मारायचं का, असं तिनं आईला विचारलं. हे बाबाच बोलताहेत याला पुरावा काय? सुमेधाजवळ पुरावा नव्हता. तिला फक्त शब्द ओळखीचे वाटत होते, उशी, पंखा, नको. पण दिवाळीनंतरचे शब्दही तिला त्याचेच वाटले होते.

तेव्हा ओवीनंच उपाय काढला. तिनं लॅपटॉपचा माइक बंद केला, फरहानकडून तो बंद असल्याची खात्री करून घेतली. मग बाबांच्या कानाला तोंड लावून ती अगदी हळू काहीतरी बोलली. ते लॅपटॉपला ऐकू जाणं शक्य नव्हतं, खोलीत उभ्या असलेल्या सुमेधालाही ऐकू आलं नाही. ओवी सरळ झाली आणि वाट बघत राहिली. व्हेंटिलेटर चालू होता. बाहेर रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं. फरहाननं मान हलवली, काही येत नाहीये अशी. ओवीचा चेहरा बदलायला लागला होता, तेवढ्यात स्पीकर बोलला.

"ते... मी... म्हणायला... हवं होतं."

ओवी भिंतीला टेकली आणि तिथंच खाली बसली. तिनं काय विचारलं होतं ते तिनं आईला नंतर सांगितलं. दिवाळीत फोनवर तुमच्या आवाजानं माझ्या लग्नाबद्दल मला एक गोष्ट सांगितली, ती तुमच्या मनात खरंच होती का, एवढंच तिनं विचारलं होतं.

यापुढं तिनं विरोध केला नाही. व्हेंटिलेटर काढायला कायद्यानं रस्ता होता. डॉक्टरांच्या दोन निरनिराळ्या मंडळांनी, माइक बंद ठेवून, त्याच्या कानात लावलेल्या इअरफोनमधून त्याला प्रश्न विचारले. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं. डॉ. देवस्थळींनी त्याला गुंगीचं औषध द्यायचं ठरवलं, म्हणजे श्वास थांबताना त्रास होऊ नये. त्या सकाळी ओवी आधी त्याच्याजवळ बसली. मग सुमेधा. औषध देण्यापूर्वी काही बोलायचं आहे का, असं डॉक्टरांनी त्याला विचारलं.

"वायर... काढ."

सुमेधानं वायर काढली. डबी बाजूला केली, लॅपटॉप उचलून ओवीच्या हातात दिला आणि तिला दार ओढून घ्यायला सांगितलं. पूर्वी राग गेल्यावर ती त्याच्याजवळ बसायची तशी, पाय वर घेऊन, ती पलंगावर बसली. त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. डॉक्टर काय करत होत्या तिकडं तिनं बघितलं नाही. सगळं संपायला फार वेळ लागला नाही.

तेराव्यानंतर फरहान लॅपटॉप न्यायला आला. जाताना तो दारात घुटमळला. रणजितरावांचा आवाज आणि तो अंदाजाचा भाग संस्थेकडं जपून ठेवता येतो, बरीच कुटुंबं ठेवतात, कधीही बोलता येतं, असं त्यानं सांगितलं. नको असेल तर ते सगळं आत्ताच तुमच्यासमोर पुसून टाकतो, असंही तो म्हणाला. सुमेधानं ओवीकडं बघितलं. ओवी म्हणाली, तू म्हणशील तसं. सुमेधानं पुसायला सांगितलं. फरहाननं तिथंच टेबलाशी बसून पुसलं आणि पडदा तिच्याकडं वळवून दाखवला. पडद्यावर काहीच नव्हतं.

ओवीला संध्याकाळच्या गाडीनं हैदराबादला जायचं होतं. दोघी मायलेकी जेवायला बसल्या. भाजी अळणी झाली होती. दोघींनी तशीच खाल्ली. पलंग नेल्यामुळं खोली नको इतकी मोठी वाटत होती. ओवीनं पाण्याचा तांब्या आईकडं सरकवला आणि विचारलं, "तू राहशील ना इथं एकटी? बाबांची आठवण येईल."

"येते," सुमेधा म्हणाली. "बसता-उठता येते."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, तो हातातच धरून ठेवला.

"त्याचीपण येते," ती म्हणाली.

कुणाची, हे ओवीनं विचारलं नाही. तिनं ताटाकडं बघत मान हलवली.

"मलापण," ती म्हणाली.